सूर्योदयाचे प्रचि (प्रकाशचित्रं) : डोळ्याला गुलाबी दिसणारं शिखर कॅमेऱ्यात पांढरं का येतंय?

भटका_ढग

मंडळी, डोकं आउट झालंय म्हणून हा धागा काढतोय. दार्जिलिंगजवळच्या टायगर हिलवर सलग चार पहाटा गेलो, तीन वाया गेल्या (दोनदा ढग, एकदा धुकं) आणि चौथ्या दिवशी आभाळ इतकं स्वच्छ की कांचनजंगाच्या घळी मोजता याव्यात. अंधारात ट्रायपॉड लावला, कॅमेरा रेडी, सगळं रेडी. मग शिखराच्या टोकाला जो रंग आला तो काय सांगू, आधी जांभळट, मग तांब्याच्या भांड्यासारखा, मग गुलाबी, मी पटापट क्लिक करत सुटलो आणि रूमवर येऊन बघतो तर सगळ्या फोटोत शिखर चुना फासल्यासारखं पांढरं आणि आभाळ फिकट राखाडी. एकही फोटो असा नाही की घरच्यांना दाखवून म्हणावं बघा हे पाहिलं मी.

सेटिंग सांगतो : क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सर, १८-५५ किट लेन्स, बहुतेक सगळे १८ वरच. अपर्चर प्रायॉरिटी, एफ/१६ (म्हणजे लेन्सचं भोक बारीक), आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स ऑटो, मीटरिंग (उजेड मोजायची पद्धत) जे कंपनीने दिलंय ते. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) + जेपेग दोन्ही आहेत. अजून एक कबुली, सुरुवातीची पाच-सात मिनिटं मी पूर्वेकडे तोंड करून उभा होतो कारण आजूबाजूचे सगळे तिकडेच बघत होते आणि म्हणलं सूर्योदय तिकडूनच होणार ना.

कुठे चुकलं?

---

छायाचोर

चुकलं तीन ठिकाणी आणि तिन्ही चुका मी केल्यात, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका.

एक. १८ वर कांचनजंगा फ्रेममध्ये केवढीशी येते? टायगर हिलवरून ती ऐंशीएक किमी लांब आहे, हात लांब करून आडवी तीन बोटं धरली की क्षितिजापासून टोकापर्यंत सगळं झाकलं जातं. म्हणजे उभ्या मापात फ्रेमचा दहावा हिस्सापण नाही. बाकी काय, काळे डोंगर, काळी दरी, अर्धवट उजळलेलं आभाळ. मीटरने बघितलं सगळा अंधार आहे, बिचाऱ्याने एक्स्पोजर वाढवलं, आणि त्या अंधारातली एकच उजळ गोष्ट, तुमचं शिखर, करपलं.

दोन. ऑटो व्हाइट बॅलन्स. त्याचं कामच मुळी फोटोतला रंगाचा कल काढून टाकायचं आहे. तुम्ही ज्यासाठी चार दिवस साडेतीनला उठलात तो कॅमेऱ्याच्या लेखी दोष आहे, त्याने तो दुरुस्त करून दिला :) डेलाइटवर फिक्स करा, ५२०० ते ५५०० केल्विन, आणि सूर्य वर येईपर्यंत हात लावू नका.

तीन, आणि ही खरी मेख. फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनलचा बनतो, आणि गुलाबी बर्फात सगळ्यात आधी लाल चॅनल फुटतो, म्हणजे कमाल मर्यादेला जाऊन अडकतो. तुम्ही मागच्या स्क्रीनवर जो एक पांढरा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघता त्यात तिन्ही चॅनल मिसळलेले असतात, तो उजव्या भिंतीपासून लांब दिसतो आणि तिकडे लाल केव्हाच भिंतीला जाऊन चिकटलेला असतो. लाल अडकला की हिरवा-निळा वर चढून त्याला गाठतात, तिन्ही सारखे झाले की रंग संपला, पांढरा. म्हणून मेन्यूत जाऊन आरजीबी हिस्टोग्राम चालू करा, तीन वेगळ्या टेकड्या दिसतील. त्यातली लाल टेकडी भिंतीला टेकली की एक्स्पोजर खाली.

रॉ आहेत ना, मग जेपेग फेकून द्या आणि रॉ उघडा, काहीतरी वाचलेलं असेल. आणि हो, रॉ काढताना पण स्क्रीनवरचा हिस्टोग्राम जेपेगवरूनच बनतो, म्हणून व्हाइट बॅलन्स नीट असलेला बरा, नाहीतर तो खोटं बोलतो.

---

रानघुबड

चारच पहाटा? आम्हाला एकदा आठव्या दिवशी शिखर दिसलं, तेही ढगातून नाकाएवढं. फोटो काढेपर्यंत नाकपण गेलं.

---

त्रिज्या

प्रतिसाद थोडा गणिती आहे, कंटाळा आला तर पुढे जा.

धागाकर्त्याने लिहिलंय ना की सगळे पूर्वेकडे बघत होते. कांचनजंगा तिथून जवळजवळ सरळ उत्तरेला आहे, म्हणजे सूर्य उजव्या हाताला आणि शिखर समोर. आणि शिखराला ऊन तुमच्या आधी लागतं, कारण उंचावरून क्षितिज खाली झुकलेलं असतं. ८५८६ मीटरवर हा झुकाव पावणेतीन अंशांच्या आसपास येतो. त्या अक्षांशाला सूर्य एक अंश वर यायला साधारण साडेचार मिनिटं घेतो. म्हणजे समुद्रसपाटीवरच्या माणसाला सूर्य दिसण्याच्या बारा-एक मिनिटं आधी त्या टोकाला तो दिसतो. तुम्ही स्वतः २५९० मीटरवर उभे, त्यामुळे तुमचा फरक कमी, मध्ये दुसरे डोंगर आडवे नाहीत असं धरलं तर पाच-सहा मिनिटं. तेवढ्या वेळात उन्हाची रेघ टोकापासून खाली उतरत तुमच्यापर्यंत येते. तुम्ही पूर्वेकडे बघत घालवली ती पाच-सात मिनिटं म्हणजे नेमकी हीच :(

त्याच्याही आधी एक रंग असतो, तो थेट उन्हाचा नव्हेच. सूर्य क्षितिजाखाली असताना त्याचा प्रकाश हवेतल्या कणांवरून विखुरून बर्फावर पडतो, तो मऊ जांभळट गुलाबी, त्याला सावली नसते. काटेकोर बोलणारे लोक फक्त त्यालाच अल्पेनग्लो म्हणतात, थेट उन्हाने लाल झालेल्या शिखराला म्हणत नाहीत. तुम्ही जे "आधी जांभळट मग तांब्यासारखा" लिहिलंय त्यातला पहिला हा आणि दुसरा थेट ऊन. लाल का, तर इतक्या तिरक्या किरणांना हवेचा लांबलचक थर पार करावा लागतो, निळा रंग वाटेतच विखुरून जातो, उरतो तो लाल.

आणि या सगळ्या काळात एकदा सूर्याच्या बरोब्बर उलट्या दिशेला, पश्चिमेला बघा. क्षितिजाला टेकून एक निळसर राखाडी पट्टा असतो, तो ढग नव्हे, ती पृथ्वीची सावली. तिच्या डोक्यावर गुलाबी पट्टा, बेल्ट ऑफ व्हीनस. सूर्य वर येतो तशी सावली खाली बुडत जाते. पश्चिमेला बर्फाची रांग असेल तर त्या गुलाबी पट्ट्यासमोर ती अशी काही दिसते की बस्स.

---

सायली_क्लिक

त्रिज्या, मस्त माहिती. मला वाटायचं तो खालचा राखाडी पट्टा म्हणजे प्रदूषण!

माझा बाळबोध प्रश्न, माझ्याकडे कॅमेरा नाहीये, मोबाईलच आहे. मोबाईलवर असं काही येतं का की नुसतं डोळ्यांनी बघून घ्यावं?

---

छायाचोर

येतं की. शिखरावर बोट दाबून धरा, फोकस-एक्स्पोजर लॉक होतं, मग तेच बोट खाली ओढा, स्क्रीन अंधारत जाते, बर्फात रंग दिसायला लागला की थांबा. बाकी फ्रेम काळी दिसली तरी घाबरू नका. दोन बोटांनी झूम करत सुटू नका, फोनला वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तर तिच्या आकड्यावरच राहा, त्यापुढे नुसतं पिक्सेल ताणणं आहे. नाइट मोड बंद करा, तो पहाटेचा दिवस करून टाकतो. प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स तिथेही ५२००-५५०० वर बांधून टाका. आणि फोन कशालातरी टेकवा, दगडाला, रेलिंगला, कशालाही.

---

जुना_निगेटिव्ह

मी फिल्मच्या जमान्यातला माणूस, त्यामुळे थोडं जुनं पुराण. १९९० साली फुजीची वेल्व्हिया आली, आयएसओ ५० ची स्लाइड फिल्म, तिच्यावर हे गुलाबी रंग असे यायचे की लोक खोटं म्हणायचे. पण एक्स्पोजरमध्ये अर्ध्या स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) चूक झाली की संपलं, आणि ते कळायचं पंधरा दिवसांनी. तेव्हा गेलन रॉवेलसारखे डोंगरांचे फोटोग्राफर ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टर वापरायचे, अर्धी काच काळपट अर्धी साफ, उजळ भाग दाबायचा आणि खालची सावली वाचवायची. त्यांचं बघून मीपण घेतला आणि पहिल्याच ट्रिपला तोंडावर पडलो, कारण आमच्या फ्रेममध्ये सूर्य शिखरामागे होता, शिखराचं टोक फिल्टरच्या काळ्या भागात घुसलं आणि आधीच काळा असलेला डोंगर वरून अजून काळा, कुणीतरी शाईत बुडवल्यासारखा. हा फिल्टर समुद्रासारख्या सरळ क्षितिजाला ठीक, दातेरी शिखरांना सॉफ्ट एजवाला घ्या आणि तोही तेव्हाच जेव्हा ऊन शिखरावर आहे आणि सावली खाली.

आता तर मी फिल्टर नेतच नाही. ट्रायपॉडवर तीन फ्रेम, एक मीटर सांगेल ती, एक दोन स्टॉप खाली, एक दोन स्टॉप वर, घरी येऊन जोडायच्या. फक्त जोडताना सावल्या इतक्या उघडू नका की दरीत भर दुपार झाली.

बाकी इटालियन फोटोग्राफर विट्टोरिओ सेल्ला १८९९ मध्ये गिर्यारोहक फ्रेशफील्डबरोबर कांचनजंगाला फेरा मारून आला तेव्हा त्याच्याकडे काचेच्या प्लेटा होत्या, हे मला पाठीवर कार्बन फायबरचा ट्रायपॉड जड वाटायला लागला की आठवतं.

---

हिमकण

फोकसबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझ्या एका ट्रिपचे दोनशेच्या वर फोटो मऊ आलेत, मऊ म्हणजे मोबाईलवर छान आणि मोठे केले की मुंबरं. कारण? अंधारात ऑटोफोकस हंटिंग (नुसता मागेपुढे) करत होता म्हणून मी मॅन्युअलवर टाकून रिंग इन्फिनिटीच्या खुणेवर नेली. ती खूण म्हणजे खरी इन्फिनिटी नव्हे! बऱ्याच लेन्सची रिंग त्याच्या पुढेपण फिरते, आणि थंडीत ती जागा थोडी सरकतेसुद्धा.

आता काय करते, पोचल्यावर पहिलं काम, एखादा ठळक तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये आणायचा, दहापट मोठा करायचा आणि तो सगळ्यात बारीक ठिपका होईपर्यंत रिंग फिरवायची. मग रिंगवर चिकटपट्टी. झूम बदललं की परत तपासायचं. उजाडायला लागलं की शिखराच्या कडेवर परत एकदा.

आणि एफ/१६ कशाला? सगळंच इन्फिनिटीला आहे, समोर दगड-झाड काही नसेल तर एफ/८ पुरे. १६-२२ वर डिफ्रॅक्शनने (बारीक भोकातून उजेड पसरतो त्याने) बर्फाच्या बारीक रेघा पुसल्या जातात, वर शटर स्पीड उगाच लांबतो.

---

रानघुबड

मुंबरं म्हणजे काय?

---

हिमकण

*धुरकट* असं टाइप करायचं होतं, कीबोर्डने काहीतरी भलतंच केलं. पण आता राहू दे, शब्द बरा आहे :D

---

डोंगरदादा

@भटका_ढग भाऊ, तुम्ही रूमच्या खिडकीतून वगैरे काढले नाहीत ना कुठले? मी एकदा तो शहाणपणा केलेला. समोरच्या खिडकीतून शिखर दिसतंय, बाहेर हाडं गोठतायत, म्हणलं कशाला जायचं, खिडकी उघडली, २०० एमएम लावली आणि आतूनच काढले. सगळे फोटो पाण्याखालून काढल्यासारखे. लेन्स खराब झाली म्हणून मी दुरुस्तीला द्यायला निघालेलो. नंतर एका जाणत्याने सांगितलं, खोलीतली गरम हवा खिडकीतून बाहेर पडते, बाहेरच्या थंड हवेत मिसळते, आणि ती जी थरथर होते ती तुझ्या लेन्सच्या बरोब्बर समोर. उन्हाळ्यात रस्त्यावर हवा हलताना दिसते ना, तेच. लांब लेन्स तर ते अजून मोठं करून दाखवते. म्हणून बाहेरच उभं राहायचं आणि कॅमेरापण अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढून थंड होऊ द्यायचा.

उलटं पण लक्षात ठेवा. परत आत येताना गारठलेला कॅमेरा तसाच गरम खोलीत आणला की काचेवर आतून-बाहेरून दव. बाहेरच असताना झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून बंद करायचा आणि आत आल्यावर तासभर पिशवी उघडायचीच नाही, दव पिशवीवर धरतं, कॅमेऱ्यावर नाही. मेमरी कार्ड बाहेर असतानाच काढून खिशात ठेवा, नाहीतर फोटो बघायच्या घाईत पिशवी उघडाल. मी उघडलीये.

---

काजळमाया

बॅटरी राहिली. लिथियम-आयन थंडीत मान टाकते, ६०% दाखवता दाखवता एकदम बंद. ती मेलेली नसते, गारठलेली असते. रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं, पहाटे एक कॅमेऱ्यात आणि दुसरी आतल्या शर्टाच्या खिशात, अंगाला लागून. पहिली गेली की अदलाबदल, ती ऊब लागून परत थोडी चालते.

आणि कृपा करून लेन्सवर हाऽ करून पुसू नका. वाफ लगेच गोठते, मग बसा खरवडत. व्ह्यूफाइंडरला नाक लावूनसुद्धा नका उभे राहू, श्वासाने तोही धुकतो.

---

शिखरवेडा_७

सगळं ठीक आहे पण हे एवढं करून शेवटी लोक सॅच्युरेशन +६० करतात आणि लाल भडक शिखर टाकतात. हे मा वै म (माझं वैयक्तिक मत), पण मला तर आता सूर्योदयाचा कुठलाच फोटो खरा वाटत नाही. जे कॅमेऱ्याने दिलं ते तसंच टाकायची हिंमत आहे का कुणात?

---

जुना_निगेटिव्ह

कॅमेऱ्याने जे दिलं ते याच धाग्याच्या सुरुवातीला वाचा की, चुन्यासारखं पांढरं. ते खरं का?

अमेरिकन फोटोग्राफर अन्सेल अ‍ॅडम्सने १९४४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन गावाजवळून सिएरा नेव्हाडाचा सूर्योदय टिपला. वर उजळलेली बर्फाची रांग, मध्ये काळीकुट्ट टेकडी, खाली उन्हाच्या तिरिपीत एक घोडा. त्यासाठी तोही बऱ्याच पहाटा थंडीत जाऊन बसला होता, आणि ज्या दिवशी उजेड जमला त्या दिवशी घोडा पाठ करून चरत होता, अगदी शेवटच्या क्षणी वळला. एवढा चिवट माणूस, पण त्या काळ्या टेकडीवर गावच्या शाळेतल्या पोरांनी चुन्याने रंगवलेल्या दगडांची मोठ्ठी एल आणि पी अशी अक्षरं मांडलेली होती, ती त्याने खुशाल पुसून टाकली. तेव्हाही लोक चिडले होते.

---

शिखरवेडा_७

पुसणं वेगळं आणि नसलेला रंग ओतणं वेगळं.

---

त्रिज्या

माझं विचाराल तर पुसणं जास्त गंभीर आहे, रंग तरी तिथे होता. असो, यावर वेगळा धागा काढा, इथे अवांतर होईल.

एक राहिलं. ज्यांना सूर्य शिखरामागून येताना हवाय त्यांनी अ‍ॅपमधल्या सूर्योदयाच्या वेळेवर जाऊ नका. ती वेळ सपाट क्षितिजाची असते. समोरची धार दहा अंश वर असेल तर सूर्य तिच्यावर डोकं काढायला पाऊण तास घेईल, आणि तोवर तो सरळ वर न येता तिरका सरकत दक्षिणेकडे गेलेला असतो, म्हणजे तुम्ही ज्या खिंडीवर नेम धरलाय तिथून तो येणारच नाही. शिवाय वर्षभरात उगवण्याची जागा किती हलते बघा, नेपाळच्या आसपासच्या अक्षांशाला जूनमध्ये दिशा साधारण ६३ अंश, डिसेंबरमध्ये ११७. मे महिन्यातला कुणाचा फोटो बघून डिसेंबरमध्ये त्याच दगडावर जाऊन उभं राहू नका. फोटोपिल्ससारख्या अ‍ॅपमध्ये तारीख टाकून बघा.

---

छायाचोर

+१. सूर्य धारेवरून डोकावतो तो क्षण मात्र एफ/१६ चा, हिमकण म्हणतायत ते बाकी वेळेसाठी बरोबर. सूर्य अर्धवट झाकलेला असताना अपर्चर बारीक केलं की ताऱ्यासारखे किरण फुटतात. अपर्चरच्या पात्यांची संख्या सम असेल तर तेवढेच किरण, विषम असेल तर दुप्पट, सात पात्यांचे चौदा. हे सगळं वीसेक सेकंदांचं काम आहे, सूर्य पूर्ण वर आला की नुसता पांढरा गोळा. आणि डीएसएलआरवाल्यांनो, लांब लेन्स लावून ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे बघू नका, डोळा जाईल. लाइव्ह व्ह्यू वापरा.

---

भटका_ढग

सगळ्यांचे खूप आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

काल रात्री रॉ उघडले. एकूण ४३ फ्रेम. छायाचोर म्हणाले तसं प्रत्येकात लाल चॅनल बघितला, ३० च्या वर फ्रेममध्ये शिखराचा वरचा भाग लालमध्ये पूर्ण सपाट, तिथून काही परत येत नाही, हायलाइट कितीही खाली ओढा, राखाडी डाग पडतो फक्त. आठ-दहा फ्रेममध्ये व्हाइट बॅलन्स ५३०० केल्यावर कडेकडेला हलका रंग आला.

पण एक गंमत झाली. एक फ्रेम अशी होती की जी मी तिथेच डिलीट करणार होतो. जाड हातमोज्यात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं (उजेड कमी-जास्त करायचं) डायल चुकून फिरलं होतं, −२ वर. स्क्रीनवर पूर्ण काळी दिसली म्हणून शिव्या घालून डायल शून्यावर आणलं आणि पुढे सगळी वाट लावली. तीच फ्रेम. व्हाइट बॅलन्स सोडून फारसं काही केलं नाही, फक्त सावल्या थोड्या उचलल्या, आणि टोकापासून खाली पाव भागापर्यंत तो तांब्याचा रंग जसाच्या तसा, त्याच्या खाली निळसर बर्फ, आणि दोघांच्या मधली ती रेघसुद्धा दिसतेय. १८ वर असल्यामुळे क्रॉप करून शिखर पोस्टाच्या तिकिटाएवढंच उरतं, ते जाऊ द्या.

परवा परत चाललोय. मित्राकडून ७०-२०० उसनी घेतलीये.

---

सायली_क्लिक

टाका ना तो प्रचि इथे!

---

डोंगरदादा

टाकाच. आणि ७०-२०० लावल्यावर ट्रायपॉडची मधली दांडी वर काढू नका, वाऱ्याने हलते. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदाचा टायमर.

---

भटका_ढग

टाकतो संध्याकाळी. फक्त खालच्या डाव्या कोपऱ्यात कुणाच्या तरी हेडटॉर्चचा पांढरा ठिपका आलाय, बरोब्बर काळ्या डोंगरावर. पुसू का राहू देऊ?

---

शिखरवेडा_७

राहू दे.

---

जुना_निगेटिव्ह

पूस.